कुत्रं कुठल्या रंगाचं होतं

“एक आंधळी अन् दुसरी मुकी. बरी जोडी जमवली लेकाहो.”

फुलंब्रीच्या टपरीवर, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले एक आजोबा शेजारच्या माणसाला म्हणाले. त्यांच्या मते ते हळू बोलले होते, पण चहावाल्यालाही ऐकू गेलं. मी कपात बघत राहिले. माझ्या शेजारी बसलेली, जिला ते आंधळी म्हणाले होते, ती मात्र खळखळून हसली.

“मुकी नाय हो बाबा,” आवाजाच्या दिशेला तोंड वळवून ती म्हणाली. “इंग्लिश मिडियमची हाय. मराठीत बोलायला तिला अर्ज करावा लागतो.”

टपरीवरचे सगळे हसले. आजोबा ओशाळले आणि आमच्या चहाचे पैसे मीच देणार म्हणून हटून बसले. मी उठून सायकलचं चाक तपासायला गेले. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही चौदा माणसं तेरा सायकलींवर निघालो होतो. चार दिवसांत इंदूरला पोचायचं होतं. आमच्या शहरात दृष्टिहीन मुलींचं एक वसतिगृह आहे, त्यावर आणखी एक मजला चढवायचा होता आणि त्यासाठी पैसे जमवायला ही मोहीम होती. तेरातली एक सायकल जोडसायकल होती. हँडल, ब्रेक आणि गिअर सगळे पुढच्याच्या हातात. मागच्याकडे फक्त पायडल, आणि धरायला एक दांडा, जो वळत नाही. पुढे मी बसायचे, मागे ती. अशा सायकलवर पुढच्याने सतत बोलायचं असतं. खड्डा आला, उतार आला, थांबतोय, डावीकडे वळतोय. गतिरोधक आला तर तो आधी सांगायचा, म्हणजे मागचं माणूस दांडा घट्ट धरून सीटवरून थोडं उचललं जातं. सांगितलं नाही तर मागचं माणूस फेकलं जातं. सरावाच्या पहिल्या दिवशी सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं.

खरं तर मी सायकलच्या ग्रुपमध्ये गेले ते बोलावं लागत नाही म्हणून. सकाळी हेल्मेट घालायचं, कोणाच्या तरी मागे लागायचं, दौलताबादपर्यंत जाऊन यायचं. माझ्या शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा. घरीसुद्धा इंग्रजीतच बोला, असं शाळेने आईबाबांना कळवलं होतं आणि त्यांनी ते मनापासून पाळलं. माझं मराठी वाचून आलेलं आहे. कागदावर ते बरं दिसतं. तोंडातून मात्र पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीसारखं येतं, जपून आणि घाबरत. चौदा वर्षांची असताना एका लग्नात मी आत्याच्या सासूबाईंना “आजी, तू इथे बसतो का?” असं विचारलं होतं. अख्खा मांडव हसला होता. तेव्हापासून चार माणसांत मी आवाज चढवत नाही.

आमच्या ग्रुपचे प्रमुख गणिताचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणतात. जोडसायकलवर पुढे बसायला एक मुलगी हवी होती. ते म्हणाले, “तू सगळ्यांत सरळ चालवतेस. तूच बस.”

“सर, पण त्यात बोलावं लागतं.”

“मग बोल.”

छावणीतल्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही पहिल्यांदा एकत्र बसलो. ती एकोणीस वर्षांची होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सिल्लोडजवळच्या एका खेड्यातली. नऊ वर्षांची असताना तापात तिची नजर गेली होती. मी पाच मिनिटं गप्प सायकल चालवली. मग मागून आवाज आला, “ताई, तुम्ही गप बसल्या की मला वाटतं सायकल एकटीच चाललीय.”

मी घाईघाईने म्हणाले, “पुढे ट्रक आहे.”

“त्यो मला ऐकू येतोय. रंग सांगा. रंग मला पाठ हायेत, फक्त उजळणी होत नाय.”

तिथून मी रंग सांगायला लागले. ट्रक केशरी. बाईची साडी पोपटी. बकरी काळी, एक कान पांढरा. पुढे फाटक आहे, निळं होतं, आता गंजलंय. सहा आठवडे, आठवड्यातले चार दिवस. इतकं मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते. मी तिच्याकडे बघत नसायचे आणि ती मला बघू शकत नसायची, म्हणून जमत असेल. माझं मराठी चुकलं की ती हसायची, पण ते हसू मला लागायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने ‘तुम्ही’ सोडून ‘तू’ धरलं. रोज संध्याकाळी तिचा आवाजी मेसेज यायचा, वसतिगृहात काय शिजलं, कोण कोणाशी भांडलं. मीही बोलून उत्तर द्यायचे. त्याआधी मी कोणालाच कधी आवाज पाठवला नव्हता.

मोहिमेचा रस्ता सिल्लोडवरून जाणार म्हटल्यावर सरांनी पहिल्या दिवसाचं जेवण तिच्या गावात ठरवलं. ते कळल्यावर ती म्हणाली, “आजवर गावात शिरले ती कुणाचं तरी बोट धरून. आबाचं, नायतर भावाचं. एकदा तर शेळीच्या दोरीला धरून आले. ह्या बारीला पायडल मारत जाईन. सगळ्यांच्या म्होरं.”

त्यामागे कारण होतं. बारावीनंतर तिच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, तिला शहरात पाठवलं ते नाइलाजाने. आता दुसरं वर्ष झालं की घरी ये, बास झालं शिक्षण, असं त्यांनी दिवाळीत सांगून टाकलं होतं. गावातली माणसं त्यांना म्हणायची, आंधळ्या पोरीला कशाला शिकवतोस, कोण सांभाळतं तिला तिथं? “आबाला एकदा बघू दे मला,” ती म्हणायची. “बघितलं की नाय म्हणणार नाय त्यो.” ह्या एका दिवसावर तिचं तिसरं वर्ष टांगलेलं होतं, आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

फुलंब्री सोडल्यावर मी बोलत होते, पण त्या आजोबांचं वाक्य माझ्याबरोबर निघालं होतं. रस्ता मोकळा असला की माझा आवाज नीट यायचा, वस्ती आली की आपोआप बसायचा. तिने ते लगेच पकडलं.

“गाव आलं का? आवाज बारीक झाला तुझा.”

“हो, आळंद.”

“बघ. तुझ्या आवाजावरून मी गावं मोजीत चाललेय.”

तिच्या गावाचा फाटा आला तेव्हा बारा वाजत आले होते. सरांनी बाकीच्यांना थोडं मागे थांबवलं. “तुझं गाव आहे, तू पुढे हो. आम्ही आलोच,” ते तिला म्हणाले. आमच्या मागे थोड्या अंतरावर सामानाचा टेम्पो, त्याच्या मागे बाकीच्या सायकली. दोन्ही बाजूंना कापूस होता. मी म्हणाले, “बोंडं फुटलीयत. शेवटची वेचणी असेल.” ती म्हणाली, “हे आमच्या चुलत्याचं वावर. आता वळण येईल, मग शाळा.”

वळण घेतलं आणि समोर अख्खं गाव उभं होतं. ढोल वाजत होता. शाळेची मुलं दोन रांगांत उभी होती. बायका औक्षणाची ताटं घेऊन उभ्या होत्या. माणसांनी फोन उंच धरले होते. सगळ्यांच्या मध्ये एक बारीक माणूस ताठ उभा होता.

“आबानं फेटा कसला बांधलाय?”

“गुलाबी,” मी म्हणाले. तो मी तिला सांगितलेला शेवटचा खरा रंग.

कोणीतरी तिच्या नावाने हाक मारली. तिने उजवा हात दांड्यावरून काढला आणि उंच केला. मला ते माझ्या पाठीमागे कळलं, कारण सायकल किंचित हलली. आणि त्याच वेळी मला गतिरोधक दिसला. नवा होता, पट्टे न मारलेला, मातीच्याच रंगाचा. मुलांच्या रांगा सुरू व्हायच्या बऱ्याच अलीकडे.

ह्या क्षणाकडे मी इतक्यांदा परत गेले आहे की मला पक्कं माहीत आहे, वेळ होता. तो शब्द तीन वेळा म्हणता आला असता. ढोल इतक्या जोरात वाजत होता की तो मला ओरडून म्हणावा लागला असता. समोर एवढी माणसं, एवढे फोन, घट्ट कपड्यांतली हेल्मेट घातलेली मी, आणि पोपटासारखं माझं मराठी. मी तोंड उघडलं आणि मिटलं. वाटलं, ब्रेक दाबते, हळूच निघून जाऊ. मी ब्रेक दाबला. पण दोन माणसांची सायकल एका माणसाच्या सायकलसारखी थांबत नाही. पुढचं चाक उतरलं, मागचं उसळलं, आणि माझ्या मागचं वजन एकदम नाहीसं झालं.

मी आणि सायकल थोडं पुढे जाऊन आडव्या झालो. मला गुडघ्याला खरचटलं, बाकी काही नाही. ढोल थांबायला वेळ लागला. ती उजव्या हातावर पडली होती.

माणसं धावत आली. आबांचा फेटा सुटून खांद्यावर आला होता. “काय झालं? काय झालं?” सगळे मलाच विचारत होते. जो आवाज मघाशी निघाला नव्हता, तो आता अगदी स्वच्छ निघाला.

“कुत्रं आडवं आलं.”

मी एवढंच बोलले. पुढचं सगळं गावाने बोलून घेतलं. “गिरणीवाल्याचं असंल, लई माजलंय ते.” “मी बघितलं ना, अस्सं आलं अन् अस्सं गेलं.” सगळ्यांचं लक्ष ढोलाकडे आणि फोनकडे होतं, त्यामुळे कोणालाच खात्री नव्हती. कोणीतरी दगड उचलून गिरणीच्या दिशेला पळालंसुद्धा. तिची आई तबक हातात तसंच धरून उभी होती. त्यातलं निरांजन अजून जळत होतं.

सिल्लोडला हाडांच्या डॉक्टरकडे आम्ही टेम्पोतून गेलो. आबा मोटारसायकलवर मागून येत होते. पुढच्या सीटवर ड्रायव्हरचाचा, मध्ये ती, खिडकीशी मी. चाचा सिल्लोडचेच, निघाल्यापासून आम्हाला हसवत आले होते, आता गाडी जपून हाकत होते. तिने मनगट ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलं होतं. ती रडत नव्हती. हमरस्ता लागल्यावर तिने विचारलं,

“ताई, कुत्रं कुठल्या रंगाचं होतं?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे.

“तपकिरी,” मी म्हणाले. आणि तेवढ्यावर न थांबता, “शेपटीला थोडं पांढरं.”

“बरं,” ती म्हणाली.

सहा आठवडे मी तिला बकरीच्या कानाचासुद्धा रंग सांगत आले होते. आमच्या चाकाखाली येऊ पाहणाऱ्या कुत्र्याबद्दल मात्र एक शब्द उच्चारला नव्हता. ती हा हिशोब करत असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. खरं सांगायला ती मला वाट करून देत होती. मी त्या वाटेवर शेपटीचं पांढरं ठेवून आले.

मनगट मोडलं होतं आणि पहिल्या दोन बोटांनाही मार होता. ब्रेल ती ह्याच बोटांनी वाचायची. प्लास्टर चढत असताना चाचा मला बाहेर व्हरांड्यात भेटले. ते खाली बघत बोलले, “बेटा, मैं ऊँचे पे बैठता. मेरेकू कुत्ता दिखा नै.” ते थोडा वेळ थांबले. “सोच लेना,” म्हणाले आणि तिच्यासाठी पाणी आणायला गेले.

मागून पोचलेले सर आत आले. त्यांनी तिला विचारलं, “कुत्रं आल्याचं तुला काही कळलं का गं?” मी दारातच उभी होते. तिला माझी चाहूल नक्की लागली असणार.

“व्हय सर. ताई म्हणतात तसंच. भुंकलं ना ते.”

ताई म्हणतात. तेवढ्या दोन शब्दांत ती मला परत ‘तुम्ही’च्या पलीकडे ठेवून आली होती.

मोहीम पुढे गेली आणि मीही गेले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. टेम्पोत एक जास्तीची सायकल होती, ती मला मिळाली. जळगाव, बऱ्हाणपूर, खंडवा. प्रत्येक ठिकाणी शाल, नारळ, हार, फोटो. एकटीच्या सायकलवर मी तीन दिवस पुटपुटत होते. खड्डा. उतार. साडी हिरवी, काठ जांभळा. मागे बसायला सीटच नव्हती. इंदूरला पोचल्यावर अपघातानंतरही जिद्द दाखवल्याबद्दल माझ्यासाठी वेगळ्या टाळ्या झाल्या. त्या फोटोत मी हसतेय. फोटो काढणारा हसा म्हणाला होता.

परत आल्यावर ग्रुपमध्ये त्या पडण्याचा विषय अधूनमधून निघायचा. एक दिवस नाश्त्याच्या वेळी कोणीतरी म्हणालं, “कुत्रं भुंकल्यावर मागची दचकली असणार. दिसत नसलं की माणूस दचकतंच. तिनेच तोल घालवला.” बोलणारा माणूस वाईट नव्हता. बाकीच्यांनीही समजूतदारपणे माना हलवल्या. पोहे खाता खाता सगळं ठरून गेलं. सरांनी जोडसायकल फक्त मैदानावर वापरायची असा नियम केला. माझं वाक्य फिरत फिरत तिच्यावर जाऊन बसलं होतं.

वसतिगृहात गेले तर तिची कॉट रिकामी होती. आबा येऊन तिची पेटी घेऊन गेले होते. तिथल्या मॅडम म्हणाल्या, “ते म्हणाले, डोळस माणूस पुढे असून पोर पडते, आवाजाला घाबरते, तर एकटी शहरात काय करणार? त्यांचं तरी काय चुकलं सांग.”

मी फोन केला. तिने उचलला. “बरी हाय. तुम्ही बऱ्या हायेत ना?” संध्याकाळचे मेसेज बंद झाले होते. मी रेकॉर्ड करायला घ्यायचे, ‘ऐक ना’ म्हणायचे आणि पुसून टाकायचे. पत्र लिहिलं असतं. लिहिणं मला जमतं. पण ते पत्र तिला घरातल्या कोणीतरी वाचून दाखवलं असतं, माझं खरं दुसऱ्याच्या तोंडून तिच्यापर्यंत गेलं असतं. कसाही विचार केला तरी ते मलाच, तोंडानेच सांगावं लागणार होतं. हे समजायला मला महिनाभर लागला आणि उठून जायला आणखी पंधरा दिवस.

सिल्लोडपर्यंत एसटीने गेले, तिथून रिक्षाने. गतिरोधकाला आता पांढरे पट्टे मारले होते. गिरणीसमोर एक कुत्रं मागचा पाय ओढत सावलीला चाललं होतं. ते काळं होतं.

तिच्या घराच्या ओट्यावर कापसाचा ढीग होता. ती भिंतीला टेकून डाव्या हाताने कापसातला पालापाचोळा काढत होती. मी उंबऱ्याशी उभी राहिले.

“ताई आल्या का?” ती माझ्या दिशेला म्हणाली, मग आत हाक मारली. “माय, बघ गं. कुणीतरी आलंय अन् बोलंना गेलंय, म्हणून वळखलं.”

काकूंनी चहा टाकला. प्लास्टर निघालं होतं, बोटं अजून ताठ होती. तिचं एक ब्रेलचं जाड पुस्तक फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं होतं. मी विचारलं, “वाचतेस का?”

“उजव्याला कळंना झालंय अजून. डाव्यानं करून बघते. पर डाव्या हाताला अक्षरओळखच नाय.” ती हसली, पण ते सगळ्यांसाठीचं हसू होतं.

शहरातून पाहुणी आली म्हणून शेजारच्या दोघी-तिघी येऊन ओट्यावर बसल्या. भाऊ दाराला टेकून उभा राहिला. आबा वावरातून आले, हातपाय धुऊन माझ्यासमोर बसले.

“पोरी, एवढ्या लांब कशाला आलीस? तुझा काय दोष त्यात? तू चांगली चालवत होतीस, मी बघितलं ना. कुत्रं भुंकलं, ही दचकली, झालं.” ते कापसाकडे बघत होते. “हिला म्या सांगितलं, बास आता. आपल्याला झेपंल तेवढंच करावं.”

“आंधळ्या पोरीला कशाला सायकलीचं सोंग,” शेजारची एक म्हातारी म्हणाली. “अख्ख्या गावाम्होरं हसं झालं.”

तिचा हात कापसात थांबला. तिने एकदा खरं सांगितलं असतं तर हे सगळं तिच्यावरून उठून माझ्यावर आलं असतं. दीड महिना तिला ते सांगता येत होतं, रोज, ह्याच ओट्यावर बसून. तिने सांगितलं नव्हतं.

मी कप खाली ठेवला. तो आवाज तिने ऐकला.

“ताई, चहा निवंल,” ती पटकन म्हणाली. “घ्या आधी.”

ओट्यावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी त्या म्हातारीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“काका, कुत्रं नव्हतं. एक पण कुत्रं नव्हतं. स्पीड ब्रेकर होता आणि तो मला लांबूनच दिसला होता. तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात, म्हणून मला ओरडायची लाज वाटली. ही दचकली नाही. हिने तोल घालवला नाही. मी सांगितलं नाही, म्हणून ही पडली.”